गाडीतला दिवा आणि उरणची भाऊबीज

उरणला जाणं हल्ली काही विशेष राहिलेलं नाही. रस्ते रुंद झाले, पूल झाले, गाडीत एसी. परवा भाची विचारत होती, "मावशी, वाशीहून उरण एका दिवसात होतं का गं?" अगं, होतं म्हणजे काय! सकाळी निघालीस तर जेवायला घरी परत येशील. पण मी स्वतः गाडी चालवत उरणला पहिल्यांदा गेले ती ऐंशीच्या दशकातली एक भाऊबीज होती, आणि दिवेलागणीच्या आत पोचतोय की नाही याचीच धाकधूक होती. तुमच्याकडे गाडी असेल तर हे वाचाच. प्रवासवर्णन फुकट, वर बॅटरीची शिकवणीही फुकट.

आमच्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, माहेरच्या उरणच्या. त्यांचा धाकटा भाऊ, बाळूमामा, तिथेच राहायचा. दर भाऊबिजेला तो उरणजवळच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्याला उतरायचा आणि तिथून बस बदलत वाशीला आमच्या दारात हजर व्हायचा. त्या वर्षी नारळ पाडताना घसरला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. शेजारच्यांच्या फोनवर त्याचा निरोप आला, "ताई, यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

आई फोन ठेवून आल्या आणि चकल्यांचा डबा पुसायला बसल्या. बराच वेळ डबाच पुसत होत्या. मग म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून एकही भाऊबीज चुकली नाही आमची. तो येत नाही तर मी जाते."

जाणार कशा? आमच्या ह्यांची तुर्भ्याच्या कारखान्यात ड्यूटी. तिथली भट्टी दिवाळी-बिवाळी ओळखत नाही. सणासुदीच्या बसगाड्या रामभरोसे, त्यात आईंचे गुडघे. राहिले कोण, तर मी आणि आमची सेकंडहँड राखाडी गाडी. माझं लायसन्स नवं कोरं होतं. आईंचा माझ्या ड्रायव्हिंगवर विश्वास एवढा, की मी गिअर टाकला की त्या डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागायच्या.

"बरं," त्या म्हणाल्या, "पण हळू चालव हो."

भाऊबिजेच्या दिवशी सकाळची कामं, पाहुण्यांचं चहापाणी आवरून जेवणं झाल्यावर निघालो. आईंच्या मांडीवर ओवाळणीचं ताट, रुमालात बांधलेलं. मागच्या सीटवर फराळाचे डबे. मी किल्ली फिरवली तर गाडी नुसती कण्हली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मला नवल वाटलं, कारण दिवाळीआधीच मी बॅटरीचं पाणी पाहिलं होतं. शेवटी सोसायटीतले चार पुरुष हातातला फराळ ठेवून खाली आले, धक्का मारला आणि गाडी सुरू झाली. "वहिनी, वाटेत बंद करू नका!" मागून कोणीतरी ओरडलं. बाजूला आईंचं देवाचं नाव घेणं सुरू झालंच होतं.

तेव्हाचा रस्ता काय सांगू! तुर्भ्याला दगडखाणींची धूळ. नेरूळ म्हणजे मोकळं माळरान, मधेच नव्या इमारतींचे सांगाडे. पेट्रोल आजच्या कटिंग चहापेक्षा स्वस्त होतं, पण तेव्हा तेही महागच वाटायचं, म्हणून उतार आला की मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायची. गाडीत फराळाचा वास भरून राहिला होता. हवा छान होती, डोंगर अजून हिरवे होते. बेलापूर जवळ आलं तशा आईंनी एक डोळा उघडला.

"दिवाळे गावात जरा वळव. हौसाला फराळ द्यायचाय."

हौसाबाई म्हणजे आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी दिवाळे गावची कोळीण. वर्षभर ती आईंना सुरमईची चांगली तुकडी बाजूला काढून ठेवायची, आणि दिवाळीत आई तिला अनारसे द्यायच्या. हा त्यांचा नेम. आता याला नाही कसं म्हणणार? गाडी चालूच ठेवायची असं मनाशी घोकत मी गावात शिरले. गल्ली अरुंद, खाडीकडे उतरत गेलेली. हौसाबाईचं घर अगदी खाली, होड्यांच्या धक्क्याजवळ. तिथे पोचते न पोचते तोच चाकासमोर एक कोंबडी आली, मी ब्रेक दाबला, क्लच दाबायचा राहिला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली.

किल्ली फिरवली. या वेळी तर ती कण्हलीसुद्धा नाही. नुसतं टिक, टिक.

गावातली माणसं जमली. धक्का मारायला हात भरपूर होते, पण मागे चढ आणि पुढे खाडी. सपाट अशी एकच जागा, धक्क्यालगतची, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील नि जवळा वाळत घातलेला. गडीमाणसं गाडीला हात लावतात तोच हौसाबाई घरातून धावत आली.

"आवं थांबा! माझं बोंबील हायेत तिथं! धक्का मारशीला तं चाकाखाली सगल्याची चटनी व्हईल!"

झालं. धक्का मारायचा मार्ग बंद. आईंनी ताटाचा रुमाल उगाचच सोडला आणि पुन्हा बांधला. खाडीवर ऊन कलायला लागलं होतं.

"सुधा, अंधाराच्या आत पोचू ना गं?"

"पोचू," मी म्हटलं.

देव पावला तो हौसाबाईच्या भावाच्या रूपात. दत्तू मुंबईत टॅक्सी चालवायचा. बहिणीकडे भाऊबिजेला आला होता आणि त्याची काळी-पिवळी तिथेच, चार हातांवर उभी होती. बिडी ओढत तो आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"ताई, टेन्शन काय घेता? बॅटरी बसली. वायर हाय का? माझ्या गाडीवरनं डायरेक्ट देतो, दोन मिन्टांत काम."

वायर होती. आमच्या ह्यांनी दोन जाड वायरी, एक लाल आणि एक काळी, डिकीत स्टेपनीखाली ठेवलेल्या. कशा लावायच्या तेही माझ्याकडून घोटून घेतलेलं, इतकं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बिडी तोंडात धरूनच दत्तूने आमचं बॉनेट उघडलं.

"दत्तू, आधी ती बिडी लांब टाक."

"बिडीनं काय व्हतंय?"

"बॅटरीतून गॅस निघतो. दिसत नाही, पण ठिणगी मिळाली की फुटते बॅटरी. आतलं ॲसिड डोळ्यांत गेलं तर टॅक्सी कोण चालवेल, मी?"

लोक हसले, दत्तूही हसला आणि लांब जाऊन बिडी वाळूत विझवून आला. मी हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवून आईंच्या स्वाधीन केल्या. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा आला की ठिणग्यांचा पाऊस पडतो. मग पदर खोचला. आधी बॅटरी नीट पाहून घेतली. फुगलेली, तडकलेली किंवा गळकी बॅटरी असेल तर तिच्या वाटेलाच जायचं नाही, सरळ मेकॅनिक गाठायचा. आमची धड होती. आतलं पाणीही जागेवर. फक्त टोकांवर पांढरी बुरशी धरली होती. हौसाबाईने गरम पाणी नि खायचा सोडा आणून दिला. झाकणं घट्ट आहेत ना ते बघून टोकं धुतली, कोरडी केली.

मग टॅक्सी पुढे आणली, पण दोन्ही गाड्या एकमेकींना टेकणार नाहीत अशी. दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेले. दोन्हीकडे बारा व्होल्ट. हेही बघावं लागतं बरं का. मोठ्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस होत असतील तर तिथून वीज घ्यायची नाही, गाडीची वाट लागेल. लाल वायर आधी आमच्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग तिचं दुसरं टोक टॅक्सीच्या अधिकला. काळी टॅक्सीच्या उणे टोकाला. उरलेला काळा चिमटा हातात घेऊन दत्तू आमच्या बॅटरीकडे निघाला.

"तिथे नाही. इंजिनाच्या त्या उघड्या लोखंडाला लाव, बॅटरीपासून लांब."

"आमी तं बॅटरीलाच लावतो, ताई. नेहमीच."

"लावत असशील. पण ठिणगी उडते ती या शेवटच्या चिमट्याला. ती बॅटरीच्या डोक्यावर कशाला हवी?"

"ह्ये मात्र खरं," म्हणत त्याने चिमटा लोखंडाला लावला. बारीकशी ठिणगी उडालीच. दत्तूने टॅक्सी सुरू केली आणि थोडी रेस देऊन चालू ठेवली. आमच्या बॅटरीला जरा वीज पिऊ द्यायची होती, म्हणून मी आईंजवळ जाऊन उभी राहिले.

"काही कळत नाही, आई. परवापर्यंत ठणठणीत होती. काहीतरी चालू राहिलं असणार. लाइट नव्हता, मी बघितलंय."

आई ताटाकडेच बघत होत्या.

"लाइट होता," त्या हळूच म्हणाल्या. "आतला, छोटा. लक्ष्मीपूजनाला मीच लावला."

"म्हणजे?"

"त्या दिवशी घरात कुठे अंधार ठेवत नाही आपण. बाथरूममध्येसुद्धा पणती ठेवतो. गाडी तेवढी काळोखात उभी. पणती ठेवायची तर पेट्रोलची भीती, म्हणून खुंटीवरची किल्ली घेतली नि आतला दिवा लावला. मग राहिला तो. पाडव्याला दिवसा दिसला नाही. आज पहाटे आठवलं तेव्हा जाऊन बंद केला."

मी चिडले. खोटं कशाला बोलू, चांगलीच चिडले. ही बाई स्वतःच्या भाऊबिजेवर स्वतःच पाणी ओतून बसली होती! "आई, अहो, गाडीला कसली आलीय लक्ष्मी? सकाळीच सांगायचं तरी!"

"सांगायची हिंमत झाली नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "तू रोज त्या गाडीतून येतेस गं घरी. कधी उशीर होतो. मी गॅलरीत उभी असते, ती गाडी वळणावर दिसेपर्यंत. तिच्यात अंधार कसा ठेवू?"

गॅलरीतली ती उभी आकृती मी रोज बघायची आणि मला वाटायचं, ही बाई माझी वेळ मोजते. मला एकदम रडायलाच आलं. आईंच्या खांद्यावर हात ठेवला नि म्हटलं, "चला, बसा. पोचायचंय आपल्याला."

किल्ली फिरवली. गाडी एकदा कण्हली, दुसऱ्यांदा गुरगुरली आणि धडाक्यात सुरू झाली. पोरं ओरडली, हौसाबाईने हात जोडले. ज्या क्रमाने वायरी लावल्या त्याच्या उलट क्रमाने काढल्या, आधी लोखंडावरची काळी. दत्तू काही केल्या पैसे घेईना. "बहिनीच्या दारात भाडं घेऊ व्हय?" मग आईंनी मांडीवरचं ताट सोडलं, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात करंजी ठेवली.

पुढे उरण फाटा, गव्हाण, जासई. दोन्ही बाजूंना मिठागरं, त्यांत आभाळ उतरलेलं, काठाने बगळे. गव्हाण फाट्याच्या टपरीवरचा चहा आम्ही गाडी चालू ठेवून, काचेतून हात काढून घेतला. गरमागरम वडे दिसत होते पण उतरायची हिंमत झाली नाही. तुम्ही गेलात तर माझ्या वाटणीचा एक खा. आणि नवल म्हणजे, गाडी दिवाळ्याहून निघाल्यापासून आईंचे डोळे उघडे होते. "तो सायकलवाला बघ," "इथे हॉर्न दे," असं सारखं चाललं होतं. देवाचं नाव बरं, असं म्हणायची पाळी आली.

सूर्य टेकत आला होता तेव्हा मामाच्या अंगणात शिरलो. मामा ओसरीवर खाटेवर बसलेला. पाय प्लास्टरमध्ये, पण दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. आम्ही येणार हे त्याला कळवलंच नव्हतं.

"अरे बाळू, तू नटून कोणासाठी बसलास?" आईंनी विचारलं.

"भाऊबीज आहे ना," तो म्हणाला. "सवय झालीय." आणि टोपी सारखी करायच्या निमित्ताने त्याने तोंड फिरवलं.

आईंनी त्याला ओवाळलं तेव्हा अंगणात अजून उजेड होता. मग मामीने आम्हा सगळ्यांना नारळीभात वाढला.

मुक्कामाला तिथेच राहिलो. गाडी मी उतारावर, तोंड खाली करून लावली होती, म्हणजे वेळ आलीच तर धक्का सोपा. पण सकाळी ती निमूट सुरू झाली. घरी आल्यावर बॅटरी गॅरेजमध्ये रात्रभर सावकाश चार्ज करून घेतली. तेव्हापासून दर महिन्याला माझा नेम ठरला: पाणी बघायचं, कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड घालायचं, नळाचं नाही, टोकं साफ करून वर व्हॅसलिनचा हात फिरवायचा, गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर काळी वायर सोडून ठेवायची. जुनी साडी नेसूनच करा, ॲसिडचा थेंब पडला की साडीची चाळणी होते. आईंनी हे सगळं बघून बघून पाठ केलं. पुढे सोसायटीत कोणाची गाडी बंद पडली की त्या गॅलरीतून ओरडायच्या, "काळी शेवटी! आणि बॅटरीवर नाही!"

पुढच्या वर्षी मामा पुन्हा लाँचने आला. लक्ष्मीपूजनाला मी गाडीपासून लांब विटेवर पणती ठेवली. आई म्हणाल्या, "आत नाही का गं?" मग मी आतला दिवा लावला, त्यांनी हात जोडले आणि आपल्या हाताने बंद केला.

आता आई नाहीत, मामाही नाही. माझी आत्ताची गाडी शहाणी आहे. दार लावलं की आतला दिवा थोड्या वेळाने आपोआप मालवते, बॅटरी बसू देत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरातल्या पणत्या लावून झाल्या की मी पार्किंगमध्ये उतरते. दार उघडते, लावते, आणि आत उजेड आहे तोवर हात जोडून उभी राहते. दिवा मालवतो. वर आईंच्या गॅलरीकडे एकदा बघते, आणि दिवा लागावा म्हणून पुन्हा दार उघडते.