आंब्याच्या ओंडक्यातली शेती

किस्से भुशावानी असत्यात, राव. सकाळी झाडा, सांजंला पुन्हा ढीग! त्यात भिवा मिस्त्रीचे तर पोतंभर. पिंपरीला नवे कारखाने उठत हुते, त्यांच्या मालासाठी कासारवाडीच्या वखारीत आमी धा जण आंब्याच्या लाकडाच्या पेट्या ठोकायचो. भिवा आमचा म्होरक्या.

*

नवा मॅनेजर सायेब आला. म्हनला, "ओंडके तडकतात. रोज पाणी मारा!"

भिवा म्हनला, "आंबा ओला ठिवला की किडा लागतो, सायेब. चिरा, वाळवा."

"तू मला शिकवणार?"

"फुकाट!"

*

महिन्यात ओंडक्यांना भोकं! टाचणीनं टोचल्यावानी. सायेबानं आमची गिरमिटं जप्त केली. "तुम्हीच पाडलीत!"

मी म्हनलं, "व्हय सायेब, जेवणाच्या सुट्टीत हात शिवशिवत्यात!"

*

मग सायेबानं ओंडक्यांना विष चोपडलं. "किड्यानं लाकूड खाल्लं की मरेल." चार दिसांनी बघतो तर भोकातनं भुसा बाहेर येतोच हाय!

भिवानं कुऱ्हाडीनं ओंडका फोडला. आत काळे बोगदे, बोगद्याला पांढरी बुरशी, बुरशीवर किड्याची पोरं.

"किडा लाकूड खातच न्हाई, सायेब. आई बुरशीचं बी संगं आनती, भोकात पेरती. उगवली की पोरं ती खात्यात. त्यात तुमी रोज पाणी पाजताय, पीक जोरात हाय! वाळवा, बुरशी मरंल, किडा उपाशी."

सायेब हसला. "किडा शेती करतो?"

"माजी दीड एकर कारखान्यात गेली. ह्यो गडी तुमच्याच वखारीत कसतोय, सातबारा न मागता!"

*

दुसऱ्या दिशी भिवानं ताजा ओंडका चिरला, फळ्या उन्हात उभ्या केल्या. पंधरा दिसांनी एक भोक न्हाई! सायेब तापला. "कुणाला विचारून वाळवल्या?"

"उन्हाला!"

*

तेवढ्यात कारखान्यानं भोकाच्या पेट्या परत धाडल्या. वखारीच्या मालकाला कुनीतरी गुन्हेगार पायजे. सायेबानं माफीनामा लिवला: भिवाच्या हयगयीनं माल सडला. "अंगठा दे, नाहीतर घरी जा!" भिवाच्या घरी खाणारी सात तोंडं. त्यानं कागदाकडं बघितलं, हात काय हलवला न्हाई.

सायेब फाटकावर मालकाला आनायला गेला. टेबलावर कागद, शेजारी शाई.

मी पयला अंगठा उठवला. भिवाच्या न्हाई, माजा! मग बाकीचे आले. धाच्या धा जणांनी, दोन्ही हातांनी, भिवानं बी. लिवलेलं दिसंना, नुसते काळे ठिपके!

मालकानं कागद उजेडाला धरला. "ह्यात भिवाचा कुठला?"

सायेब माज्याकडं बघतोय, मी आढ्याकडं.

भिवानं करवत उचलली, कामाच्या जागी जाऊन बसला आनि तिथनंच म्हनला, "शाई ओली हाय, मालक. किडा लागला. आधी वाळू द्या!"