नाव नसलेले डबे

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला शाळेत होते. रडू आलं नाही, संताप आला. आज दीड महिना झाला, तो उतरलेला नाही...

अक्का माझी थोरली बहीण. लातूरजवळच्या मुरुडला तिची पिठाची गिरणी. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून ती डबा पाहूनच माणूस ओळखायची. एकाही डब्यावर नाव नसायचं. झाकणाला पोचा आलेला डबा आमच्या मोठ्या मामांचा, तो बारीक दळायचा. तिला यकृताचा कॅन्सर झाला तेव्हा गावानं आधी दारूची चौकशी केली. चहासुद्धा अर्धा कप घेणारी बाई! लातूरच्या डॉक्टरांनी एक गोड औषध देऊन बजावलं होतं, "यकृत काम करत नसलं की रक्तातली घाण डोक्यात चढते, माणूस भ्रमतो. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ व्हायलाच पाहिजे. औषध थांबवू नका."

थांबवलं ते मामांनी. "पोरीला जुलाब व्हायलेत, अन् तुमी वरून बाटली पाजायलाव? भेटायला मानसं यायलेत, जरा लाज ठेवा." मामांपुढे बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नाही. मी फोनवर भांडले, तर म्हणाले, "तू मास्तरीन हाईस, डॉक्टर न्हाईस."

थोड्याच दिवसांत अक्काचे हात फडफडू लागले. दिवसाढवळ्या गुंगी, तोंडात भलतेच शब्द. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण खाटेशी बसून तिची परीक्षा घेई, "अक्का, ओळखलं का? सांग बरं मी कोण?" ती चुकली की हशा. मामांना ती कंडक्टर म्हणाली, तर ते चहा पिता पिता आल्यागेल्याला रंगवून सांगायचे.

मी जाऊन तिला लातूरला नेलं. औषध पुन्हा सुरू झालं, हळूहळू नजर निवळली. पहिलं वाक्य काय, तर "समदे हसत हुते ना गं?" मी म्हणाले, "न्हाई, अक्का."

मग ती फार दिवस राहिली नाही... कॅन्सर तिला नेणारच होता, एवढं मलाही कळतं. पण तिचे शुद्धीतले दिवस कॅन्सरनं नेले नाहीत, आपल्या माणसांनी नेले. ते मी कुणाला माफ करणार नाही.

परवा मुरुडला गेले होते. आता गिरणी चालवणारा भाचा जेवायला गेला म्हणून तिथं बसले. त्याला डबे ओळखू येत नाहीत, म्हणून आता त्यांवर खडूनं नावं लिहितात. तेवढ्यात मामा ज्वारीचा डबा घेऊन आले. पोचा आलेलं झाकण मला लांबूनच दिसलं होतं.

"बारीक दळायचं. डबा ओळखलास न्हवं?"

मी खडू पुढे केला. "न्हाई ओळखला. नाव लिहा."