पिठाच्या डब्यावर बसून लुंबिनी

आमच्या कामरगावात लुंबिनी पाहून आलेल्यांची कमी नाही. शेजारच्या काकूंनी तर आईला साग्रसंगीत वर्णन ऐकवलं होतं : भलंमोठं रंगीत दार, दाराशी ट्रकांची रांग आणि दुकानांत स्वस्तातले थर्मास. आईला ट्रकांचं कोडं काही उलगडत नव्हतं.

"भगवंताच्या जन्माच्या जागी ट्रक कायले उभे राह्यतात व?" ती मला विचारायची.

"सिमेंट आणत असतील," मी ठोकून द्यायची.

शेवटी आम्ही मायलेकी सहलीला निघालो. सहल काढणारा काकूंना नेणाराच, किन्हीराजा गावाकडचा, आमच्याच समाजातला. गळ्यात निळा दुपट्टा, प्रत्येक वाक्याआधी जय भीम. त्याच्या जाहिरातीत दोन गोष्टी ठळक होत्या, 'लुंबिनीसह' आणि 'घरचं जेवण'. घरचं जेवण म्हणजे स्टोव्ह, पीठ आणि मिरच्या त्याच्या, अन् भाकरी थापणाऱ्या आम्ही प्रवासी बाया, हे बस सुटल्यावर कळलं. म्हटलं, चालायचंच. बोधगया, सारनाथ, कुशीनगर झालं. चौथी जागा तेवढी राहिली होती. आईचे गुडघे असे की पुन्हा हा प्रवास होणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

सोनौलीला, नेपाळच्या सरहद्दीवर, बस थांबली.

"उतरा, फोटो काढा. मंग वापस निघाचं," तो म्हणाला.

"अन् लुंबिनी?" आईनं विचारलं.

"आई, इथून पुढं सारी लुंबिनीच समजा. गाडीले पलीकडं परवानगी नाही देऊन राह्यले."

"मांगतली कोनं?" ड्रायव्हर आपल्या जागेवरून पुटपुटला.

आईनं समोरचं रंगीत दार पाहिलं. ट्रकांची रांग पाहिली. दुकानातले थर्मास पाहिले.

"व माय, हे तं आपल्या काकूची लुंबिनी."

मला आधी हसू फुटलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांत एकही बोंब का उठली नाही, तेही कळलं. गावात हार घेऊन लोक उभे असताना 'आम्ही दारावरूनच परतलो' असं कोण सांगणार? तेरी भी चूप, मेरी भी चूप.

मी शाळेत मुलांना ग्राहकाचे हक्क शिकवते, त्यामुळे तोंडाचा पट्टा लगेच सुटला. माल परदेशातला असला तरी विकला तुम्ही वाशीमला, तिथल्याच ग्राहक आयोगात तुम्हाला खेचते, असं मी त्याला सुनावलं. तो शांतपणे पान चघळत राहिला.

आईच मला म्हणाली, "त्यानं पैसे देल्ले वापस, तं लुंबिनी वाशीमले येईन का?"

मी शिकवते त्या कायद्यात हे कलम नव्हतं.

"पिठाचा डबा उतरव," ती म्हणाली. मी उतरवला. रस्त्याच्या कडेला त्या डब्यावर ती ऐसपैस बसली. "लुंबिनी पाह्यल्याबिगर भाकर नाही."

बायांना एवढं पुरलं. एकीनं तवा पिशवीत कोंबला, दुसरीनं मिरच्या पदरात बांधल्या.

"भूक तुमालेच लागीन," तो हसला.

आम्ही घरून आणलेला चिवडा काढला. त्याला सोडून सगळ्यांना वाटला. दुपार कलली तसा ड्रायव्हर फुटला. 'भाकरीबिगर माह्याच्यानं गाडी चालत नाही' म्हणत त्यानं बसची चावी आईच्या ओटीत टाकली. मग मात्र साहेबांना पलीकडच्या जीपगाड्या झटक्यात सापडल्या. दारातून आम्ही पायीच गेलो. त्यालाही सोबत घेतलं, दोघी दोन्ही बाजूंना, गाय बाजारातून आणावी तसं.

लुंबिनीत आई जुन्या विटांच्या कडेनं हळूहळू चालली. जन्माच्या जागेवरच्या दगडासमोर हात जोडून ती इतका वेळ उभी राहिली की मागचे लोक कुरकुरू लागले. मी त्यांना कुरकुरू दिलं. मला फार फार बरं वाटत होतं.

बाहेर तो जीपमध्येच बसून होता.

"तू नाही आला आत?" आईनं विचारलं. "कितीदा पाह्यली तुनं?"

त्यानं मान दुसरीकडे फिरवली.

"पाह्यलीच नाही? मंग लोकायले विकत काय होता, बाप्पा?" आता ती चिडवत नव्हती. "चप्पल काढ. जा."

तो गेला. बऱ्याच वेळानं परतला तो दुपट्ट्यानं तोंड पुसत. आईच्या शेजारी उभा राहिला, पण तिच्याकडे पाहिना.

"माही मायबी आली होती एका सहलीत," तो म्हणाला. "तिलेबी मी दारच दाखोलं. मरेपर्यंत साऱ्यायले सांगत होती, पोरानं लुंबिनी दाखोली म्हणून."