तबूकचा बर्फ आणि माझ्या माथी मारलेलं इंजिन

सौदीतल्या तबूकच्या डोंगरात बर्फ पडल्याची बातमी आली आणि ईराने, आमच्या लेकीने, हट्ट धरला. मी आणि माझा नवरा महेश दोघंही रास तनुराला रिफायनरीत इंजिनिअर. सुट्टी टाकली आणि दम्मामहून विमानाने निघालो. जाणार असाल तर तबूकला फोर बाय फोरच भाड्याने घ्या आणि निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारा. बर्फ जास्त झाला की पोलीस वाट बंद करतात. जेवण मात्र शहरातच उरका. वर चहाशिवाय काही मिळत नाही.

महेशचा पुण्याचा मित्र केदार तिथेच बांधकामावर आहे. त्याच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या भरवशावर त्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, आहे त्या मालकाने, हौसेने बर्फावर पळणारी एक स्नोमोबाइल आणली होती. ती सांभाळायचं काम केदारकडे.

बर्फ म्हणाल तर पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तेवढा. केदारने गार इंजिन सुरू केल्या केल्या रेस केलं आणि रीलसाठी दगडगोट्यांवरून गाडी पळवली. मी त्याला बजावलं की हे इंजिन पट्ट्याने उडणाऱ्या बर्फावर थंड होतं, इथे ते तापणार. तो म्हणाला, वहिनी, सुट्टीवर आहात ना! मग मलाच बसवलं. मी हळू, जेमतेम वळणापर्यंत गेले आणि इंजिन जाम.

एक्झॉस्ट सोडवून आत टॉर्च मारला. पिस्टनवर चार जागी उभे ओरखडे. तापून फुगलेला पिस्टन सिलिंडरला घासला की असेच उठतात, म्हणजे हे केदारच्या रेसचं काम, माझ्या हळू चालवण्याचं नाही. मी फोटो काढून ठेवला.

तेवढ्यात मालक आले. कामगारांमुळे त्यांना हिंदी कळतं. केदारने लगेच सांगितलं, "मॅडम चला रही थीं."

मालक अदबीने मान वळवून म्हणाले, खलास, झालं ते झालं, काही हरकत नाही. पाहुण्या बाईला कोण रागावणार? केदारने नेमका हाच हिशेब केला होता. मी महेशकडे पाहिलं. तो बुटाने बर्फ उकरत होता.

परतीच्या विमानात महेश म्हणाला, "तुझंच बरोबर होतं. पण त्याच्या नोकरीचा प्रश्न होता."

नोकरी त्याची आणि नाव माझं? माझं अख्खं करिअर पंप-कॉम्प्रेसरमध्ये गेलंय!

घरी आल्यावर शेजारच्या नाशिकच्या काकूंनी सहल कशी झाली विचारलं. ईरा तिच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "बर्फ मस्त था, पर मम्मी ने गाडी तोड़ दी."

महेश हसला.

मी पिस्टनचा फोटो उघडून फोन त्याच्या हातात दिला. म्हटलं, "ईरा, हे कशाने झालं ते बाबा सांगतील. काकू, तुम्हीही बसा."