बिनपडद्याच्या खिडक्या

माझी मावशी पडदे शिवायची. फक्त पडदे. ब्लाउजचं किंवा फ्रॉकचं कापड घेऊन कोणी आलं, की ती सरळ सांगायची, "माणसं जाड-बारीक होतात बाई. खिडक्या आहेत तशा राहतात. मला खिडक्याच बऱ्या."

नव्या घरात राहायला जाणारे लोक तिच्याकडे यायचे आणि त्या काळी असे लोक पुष्कळ होते. कर्ज स्वस्त होतं. बँका बोलावून बोलावून घरासाठी पैसे देत होत्या. मावशीनंही त्या भरात कर्ज काढलं, रस्त्यावरचा एक गाळा भाड्यानं घेतला, जाड कापड शिवणारी दोन मशिनं आणली आणि हाताखाली दोघी बायका ठेवल्या.

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. हाती आलेला पैसा त्यांनी बँकेत मुदत ठेवीत टाकला होता आणि त्याच्या व्याजावर ते आपला खर्च भागवत. त्यामुळे व्याजाचे दर उतरले की घरात मावशी खूश आणि काका फुगलेले.

"पुन्हा कापलं व्याज!" काका पेपर आपटायचे. "तुझी चंगळ आहे. माझ्या चहातली साखर गेली."

मावशी तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "अहो, माझ्या पैशाची साखर काय कडू लागते?"

आम्ही हसायचो. काकाही हसायचे, पण जन्मभर आपल्या पगारावर घर चालवलेला तो माणूस. बायकोकडे औषधाला पैसे मागताना त्यांचा आवाज खाली जायचा.

मग महागाई वाढायला लागली. दूध, तेल, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्यांचे भाव चढले. काकांचं व्याज होतं तेवढंच राहिलं. एके दिवशी मावशीच म्हणाली, "ती ठेव मोडा ना. बँकेतली ती मुलगी सांगत होती, रोख्यांच्या फंडात जास्त मिळतं."

मुलगी वाईट नव्हती. तिनं काकांना नीट बसवून समजावलं, "सरकारी रोखे आहेत, काका. शेअर बाजारासारखा जिवाला घोर नाही." काकांनी सही केली.

भाव चढतच राहिले, तेव्हा महागाईला आवर घालायला मध्यवर्ती बँकेनं व्याजदर वाढवले. एकदा वाढवले, परत वाढवले. घर घ्यायला निघालेल्यांनी हप्त्याचा हिशेब केला आणि ते जागच्या जागी थांबले. टेकडीजवळच्या एका मोठ्या इमारतीचे सगळे पडदे मावशीनं शिवायचे, असं बिल्डरनं कबूल केलं होतं. तेवढ्या भरवशावर तिनं कापड भरून ठेवलं होतं. इमारत उभी राहिली, पण राहायला कोणी आलं नाही. कापडाचे गठ्ठे गाळ्यात भिंतीला टेकून पडून राहिले आणि मावशीच्या कर्जाचा हप्ता मात्र वाढला.

हाताखालची एक बाई आपणहून गेली. दुसरी म्हणाली, "ताई, मी अर्ध्या पैशात येते."

"अर्धे तरी कुठून आणू गं?" मावशी म्हणाली. मग दोघी कात्र्या पुसत बसल्या.

काका फंडातले पैसे काढायला गेले, तेव्हा मी बरोबर होते. आकडा पाहून ते म्हणाले, "हे चुकलंय."

मुलीनं मान खाली घातली. "चुकलं नाही, काका. दर वाढले की जुन्या रोख्यांच्या किमती पडतात. नवे रोखे जास्त व्याज देतात. मग जुने त्याच भावात कोण घेणार?"

"म्हणजे व्याज वाढलं म्हणून माझे पैसे कमी झाले?"

"थांबलात तर भरून येतील."

"किती थांबू?"

तिच्या मागे भिंतीवर मुदत ठेवीचे नवे दर लावले होते. इतकी वर्षं काका ज्या व्याजाची वाट पाहत होते, ते तिथं ठळक अक्षरांत लिहिलं होतं, आणि ठेवायला आता ठेव नव्हती. मावशीचा हप्ता तुंबलेला होता. काकांनी नुकसान सोसून पैसे काढले.

पुढच्या महिन्यात त्यांनी त्याच रिकाम्या इमारतीवर पहारेकऱ्याची नोकरी धरली.

"अहो, या वयात?"

"घरीही बसूनच असतो. तिथं बसेन."

दुपारी मावशी डबा घेऊन जायची. फाटकाशी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या टाकून ते जेवायचे. ती वर उघड्या खिडक्यांकडे बघायची. एकदा म्हणाली, "मीच म्हटलं होतं, मोडा म्हणून."

काकांनी घास गिळला. "सही माझी होती. जेव."

त्या रिकाम्या इमारतीच्या ओल्या भिंतींच्या गारठ्यानं दुसऱ्या हिवाळ्यात काकांची छाती भरली. खोकला अंगावर काढला, नोकरी जाईल म्हणून सुट्टी घेतली नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मावशीनं मशिनं विकून कर्ज मिटवलं आणि ती एका मोठ्या दुकानात कपड्यांच्या कडा दुमडायच्या कामावर रोजानं लागली.

नंतर महागाई आटोक्यात आली. दर उतरले, बाजार वर गेला. काकांचा तो फंडही त्यांनी घातलेल्या रकमेच्या पुढे गेला. मी एकदा पाहिलं, पण मावशीला सांगितलं नाही. इमारतीत दिवे लागले. बिल्डरचा माणूस घरी आला, "मावशी, पडदे तुमच्याच हातचे हवेत. मशीन आम्ही देतो."

"दुसरं कोणी बघा," ती म्हणाली.

तो गेल्यावर मी चिडले. "अगं, एवढं काम चालून आलं होतं!"

"मापं घ्यायला त्या फाटकातून आत जावं लागेल," ती म्हणाली, आणि दुकानात जायची वेळ झाली म्हणून चपला शोधू लागली.