अर्जाची शेवटची ओळ

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पहिल्या नोकरीच्या अर्जाखाली मी इंग्रजीत लिहिलं होतं, 'तुमच्या उत्तराची वाट पाहत आहे.' पाठवण्याआधी देऊळगाव राजाच्या आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडमना दाखवलं.

"नोकरी मागून राह्यली का तगादा लावून राह्यली वं?" त्या हसून म्हणाल्या. मग त्यांनी 'लुक फॉरवर्ड टू' समजावलं. त्यातही वाट पाहणंच असतं, पण आनंदानं. त्या 'टू'च्या पुढे मी 'हिअर' लिहिलं, त्यांनी माझ्याकडूनच 'हिअरिंग' करून घेतलं.

मुलाखतीचं बोलावणं आलं, तशी मी फोन घेऊन त्यांच्याकडे धावले. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आईले सांगितलं?"

"नाही, मॅडम."

"मंग इथं काऊन उभी? जाय पहिले घरी."