अष्टमीचा घट आणि माझा विज्ञानाचा पाठ

माझा विज्ञानावर पूर्ण विश्वास होता. अविश्वास होता तो फक्त घरच्या माणसांवर, आणि तोही कमीच पडला.

सत्तर सालानंतरची गोष्ट. नागपूरला महाल भागातल्या एका प्राथमिक शाळेत मी तिसरीला शिकवायची. तीन वर्षं झाली तरी तात्पुरतीच! अष्टमीला तपासणीचे साहेब माझा विज्ञानाचा पाठ बघणार होते. शेरा चांगला पडला तर मी कायम, नाहीतर घरी. (घरी म्हणजे सासूबाईंसोबत. चोवीस तास!)

पाठ ठरवला, 'रोपाला ऊन लागते'. दोन मातीच्या परळांत गहू पेरले. एक ठेवलं खिडकीत. दुसरं, 'अंधार' अशी चिठ्ठी चिकटवून, कोठीच्या खोलीत टोपल्याखाली. त्याच दिवशी सासूबाईंनी देवघरात घट बसवला. तशाच परळात, तेच गहू! मी डी.एड.च्या तोऱ्यात म्हटलं, "आई, धान उगवतं त्यात देवीचं काही नसतं बरं. ते शास्त्र आहे."

"असंन बाप्पा," त्या म्हणाल्या आणि घटावर आणखी एक तांब्या ओतला. दिवसातून दहादा ओतायच्या.

अष्टमीला सकाळी मी टोपलं उचललं. आत कुजलेले गहू, वर पांढरी बुरशी आणि असा वास की विचारू नका! तिकडे देवघरात घटाभोवती वीतभर पिवळंधमक धान डुलत होतं. मी वळून यांच्याकडे पाहिलं. हे दाढी करत होते. गालावर साबण नव्हताच, तरी करत होते!

"अहो, काय केलंत?"

"हळू बोल! आईचा घट उगवलाच नव्हता. हा अपशकुन, आता आपल्या नरखेडच्या बागेतला संत्र्याचा बहार जाईल म्हणून तिनं जेवण सोडलं. मग परवा पहाटे मी परळं बदलली."

"अन् माझी नोकरी?" राग आला की माझं डी.एड. गळून पडतं. "तुमाले काई लाज? काहून सांगतलं नाही मले?"

"माझी कामावरची, कोराडीची बस चुकेल," म्हणत हे पसार!

आता घट तर दसऱ्यापर्यंत हलवता येत नाही. शिवाय खरं सांगावं तर सासूबाई पुन्हा जेवण सोडणार. मी एकटं हिरवं परळ घेऊन शाळेत गेले.

साहेब आले. उंच, काळी छत्री, चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. "अंधारातलं रोप कुठे आहे?"

"घरी राहिलं, साहेब."

पहिल्या बाकावरची मंदा उठली. (या मंदाला मी वर्षभर 'बोलत जा गं, बोलत जा' म्हणून शिकवलं होतं!) "साहेब, बाईचं घर मागच्याच गल्लीत हाये!"

"मग चला," म्हणत साहेबांनी छत्री उचलली.

पुढे साहेब, मागे बेचाळीस पोरं, मध्ये मी. दारात सासूबाई, अष्टमीच्या उपासाच्या, सोवळ्यात. "या जी साहेब! पण जोडे बाहेर. पाय धुवा." साहेबांनी निमूट पाय धुतले. मग बेचाळीस जोडी पाय धुतले गेले. अंगणात चिखल झाला.

साहेब घटासमोर वाकले. "हे तुमचं अंधारातलं रोप?"

मी मान हलवली. होही नाही, नाहीही नाही.

"बाई, बाई!" पुन्हा मंदा. "परळावर थे आपली चिठ्ठी!"

सासूबाईंनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संपलं! नोकरी गेली, सासरही गेलं.

"चिठ्ठी मी परवाच पायली," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी लय पानी घातलं, माहं धान सडलं. माह्या सुनेनं साळेचं परळ देवीले देऊन टाकलं जी. कोनाले बोलली नाही. अशी सून पायजे!"

माझे डोळेच भरून आले. लाजेनं! मी सकाळपासून मनात घरच्यांना शिव्या घालत होते आणि या माझे गुण गात होत्या.

"ठीक," साहेब म्हणाले. "आता पाठ घ्या. हे धान पिवळं का?"

आणि डोकं कोरं! महिनाभर घोकलेलं एक वाक्य आठवेना. बेचाळीस तोंडं, साहेब, उदबत्तीचा धूर. तोंडातून निघालं, "देवीची कृपा!"

"कृपा कायची वं!" सासूबाई कडाडल्या. "आंधारात होतं म्हनून पिवळं. उनात ठेवलं असतं त हिरवं झालं असतं. वावरात टोपलं पालथं राह्यलं की खालचं गवत पिवळं पडते, अन् टोपलं उचललं की चार दिवसात हिरवं होते. पायलं नाही का कधी, पोरंहो?"

"पायलं!" बेचाळीस पोरं ओरडली. साहेबांची सुरकुती हलली.

शेरा आला. 'शिक्षिकेस कायम करावे. पाठ उत्तम झाला. विज्ञानात अडचण आल्यास शिक्षिकेने सासूबाईंचा सल्ला घ्यावा.'

यांनी तो घरात मोठ्यानं वाचून दाखवला. (दोनदा!) मी कायम झाले, पुढे मुख्याध्यापिकाही झाले. पण रोज शाळेत निघताना सासूबाई देवघरातून हाक मारायच्याच, "काई अडलं त इचारजो वं!"

खोटं कशाला बोलू, मी विचारायची.